तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय आणि आपल्या घरातील पोथी

पुनर्वसु आत्रेयांचे सहा शिष्य कोणते, हे आपण सर्वांनी बी.ए.एम.एस.च्या पहिल्याच वर्षी पाठ केलेले असते. अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत आणि क्षारपाणि. प्रत्येकाने आपापले तंत्र रचले आणि ते ऋषिसभेत ऐकविले, असेही आपण वाचतो. परंतु या सहा तंत्रांपैकी आज आपल्या हाती काय आहे, हा प्रश्न परीक्षेत क्वचितच विचारला जातो. अग्निवेशतंत्र चरकांच्या प्रतिसंस्काराने टिकले. तेही अखंड नव्हे. एकशेवीस अध्यायांपैकी चिकित्सास्थानातील सतरा आणि कल्प व सिद्धिस्थानांतील चोवीस, असे एक्केचाळीस अध्याय दृढबलाला नव्याने पूर्ण करावे लागले. जतूकर्ण, पराशर आणि क्षारपाणि हे आता केवळ टीकाकारांनी घेतलेल्या उताऱ्यांपुरते उरले आहेत. हारीताच्या नावावर आज जी संहिता मिळते, ती मूळ तंत्र नव्हे, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.

राहता राहिला भेल. भेलसंहिता आज छापील स्वरूपात आपल्याला मिळते, याचे कारण एकच. तंजावरच्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रहात तिची एक प्रत होती. दुसरी संपूर्ण प्रत कोठेही मिळालेली नाही. एका कपाटात, एका फडक्यात बांधलेली एक पोथी वाळवीने खाल्ली असती, तर आत्रेय संप्रदायाचा एक शिष्य कायमचा मुका झाला असता. ते कपाट ज्या ग्रंथालयात होते, त्याची ओळख वैद्यबंधूंना आणि औषधनिर्मात्यांना करून द्यावी, आणि त्या निमित्ताने आपल्या घरच्या दप्तराकडेही लक्ष वेधावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथालयाची वाटचाल

तमिळनाडूतील तंजावर येथील सरस्वती महाल ग्रंथालयाचा आरंभ सोळाव्या शतकात नायक राजांच्या काळी झाला. राजदरबारी विद्वानांसाठी जमविलेला तो खासगी ग्रंथसंग्रह होता. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतले आणि तेथे भोसल्यांचे राज्य सुरू झाले. राज्यकर्ते बदलले, पण ग्रंथसंग्रह मोडला गेला नाही. उलट तो वाढत गेला. तेलुगू व तमिळ यांच्या जोडीला मराठी भाषा आणि मोडी लिपी तेथे येऊन बसली.

या संग्रहाला आजचे रूप दिले ते सरफोजीराजे दुसरे यांनी. त्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. १७९९ साली राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि राजांच्या हाती केवळ किल्ला व त्याचा परिसर उरला. सत्ता गेलेल्या राजाने काय करावे, याचे निरनिराळे नमुने आपल्या इतिहासात आहेत. सरफोजीराजांनी ग्रंथ जमविले. ठिकठिकाणी पंडित पाठवून हस्तलिखिते विकत घेतली. जी विकत मिळाली नाहीत, त्यांच्या नकला करवून आणल्या. १८२० साली ते मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस निघाले, त्या प्रवासातही ग्रंथसंग्रहाचे काम चालूच होते. युरोपातून मागविलेले हजारो छापील ग्रंथही त्यांनी ठेवले, आणि त्यांपैकी अनेकांवर त्यांची स्वाक्षरी आजही दिसते. राजवाड्यात त्यांनी देवनागरी छापखानाही चालविला.

१८५५ साली त्यांचे पुत्र शिवाजीराजे औरस पुत्राविना निवर्तले आणि राज्य खालसा झाले. ग्रंथसंग्रह मात्र राजघराण्याकडे राहिला, आणि १९१८ साली तो घराण्याच्या संमतीने सर्वांसाठी खुला झाला. आज तेथे सुमारे ४९,००० हस्तलिखिते आहेत. त्यांपैकी ३९,००० हून अधिक संस्कृत, साडेतीन हजारांच्या आसपास तमिळ, तीन हजारांहून थोडी अधिक मराठी आणि आठशेच्या वर तेलुगू आहेत. शिवाय मराठा राजवटीच्या दप्तराचे मोडी लिपीतील तेराशेहून अधिक रुमाल वेगळेच.

काही वर्षांपूर्वी दक्षिणयात्रेच्या निमित्ताने आम्ही तेथे गेलो होतो. सर्वसामान्य यात्रेकरूला ग्रंथालयाला जोडलेले संग्रहालयाचे दालन पाहावयास मिळते. मूळ हस्तलिखितांचे भांडार अभ्यासकांसाठी असते. दालनात तालपत्रे आहेत, सचित्र कागदी पोथ्या आहेत, आणि मनुष्याचा चेहरा व पशूचा चेहरा यांची तुलना करणारी शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची रेखाटनेही आहेत. वैद्य म्हणून आमची पावले त्या रेखाटनांपाशी थबकली. प्रकृतिपरीक्षणात मनुष्याची तुलना पशुपक्ष्यांच्या स्वभावाशी करणारा अनूकाचा विचार आपण शिकतो. तशीच तुलना एका परदेशी चित्रकाराने रेषेतून केली होती, आणि एका मराठी राजाने ती जपून ठेवली होती.

धन्वंतरी महाल

सरफोजीराजांचे कार्य केवळ ग्रंथ जमविण्यावर थांबले नाही, आणि आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. त्यांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था चालविली. तेथे माणसांसाठी व जनावरांसाठी औषधे तयार होत, रुग्णांवर उपचार होत. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य या चारही पद्धतींचे जाणकार तेथे एकत्र काम करीत. ज्या योगांचा गुण रुग्णांवर दिसून आला, ते योग तमिळ पद्यात बांधून घेण्यात आले. 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने ओळखली जाणारी ही ग्रंथमालिका पुढे ग्रंथालयाने छापून प्रसिद्ध केली. वनौषधींची रंगीत चित्रेही राजांनी काढवून घेतली होती.

नेत्ररोगांच्या बाबतीत तर त्यांच्या काळच्या रुग्णनोंदी व डोळ्यांची रंगीत चित्रे ग्रंथालयात मिळाली आहेत. रुग्णाची अवस्था, केलेला उपचार आणि त्याचा परिणाम अशी नोंद तेथे आहे. दोनशे वर्षांपूर्वी तंजावरात रुग्णपत्रक लिहिले जात होते. आज आपल्यापैकी किती जण बाह्यरुग्ण विभागात असे पत्रक नियमाने लिहितात, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःशी विचारावा.

भेलाची एकमेव प्रत

१८८० साली ए. सी. बर्नेल या तंजावरच्या न्यायाधीशाने राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची प्रसिद्ध केली. त्या सूचीमुळे तेलुगू लिपीतील भेलसंहितेची प्रत विद्वानांच्या लक्षात आली. तिच्या नकला झाल्या आणि १९२१ साली कलकत्ता विद्यापीठाने ती संहिता छापली. पुढे १९२७ साली ल्यूडर्स या जर्मन पंडिताने मध्य आशियातील तुर्फान भागात सापडलेले भेलसंहितेचे एक सुटे पान प्रसिद्ध केले. म्हणजे एके काळी हा ग्रंथ कावेरीच्या काठापासून वाळवंटातील त्या नगरांपर्यंत वाचला जात होता. त्या एवढ्या प्रसारातून उरले काय, तर एक अपुरी पोथी आणि एक सुटे पान.

ही प्रत गेली असती तर काय गेले असते? दोन उदाहरणे पुरेत. चित्ताचा आश्रय हृदय, हे सर्वांना मान्य आहे. भेल मात्र उन्मादाच्या चिकित्सेत मनाचे स्थान शिर आणि टाळू यांच्या मध्ये सांगतो. मानसरोगांवर शिरोधारा, नस्य, शिरोबस्ती देताना आपण जो विचार करतो, त्याला संहितेतील इतका स्पष्ट आधार अन्यत्र मिळणे कठीण आहे. दुसरे उदाहरण आलोचक पित्ताचे. चरक-सुश्रुतांच्या अभ्यासातून आपण ते केवळ डोळ्याशी जोडतो. भेल त्याचे चक्षुर्वैशेषिक आणि बुद्धिवैशेषिक असे दोन प्रकार करतो, म्हणजे पाहणे आणि पाहिलेल्याचा बोध होणे यांत तो भेद करतो. हा भेद आपल्यापर्यंत एकाच पोथीच्या आधाराने आला.

काश्यपसंहितेची कथाही अशीच. बालरोगांचा हा आधारग्रंथ नेपाळात राजगुरू हेमराज शर्मा यांच्या संग्रहातील खंडित हस्तलिखितावरून १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांचे त्यात मोठे साहाय्य होते. कौमारभृत्य शिकविणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाचा पाया अशा रीतीने एका अपुऱ्या पोथीवर उभा आहे.

हस्तलिखित आणि औषधनिर्माता

फार्मसी चालविणारे बंधू म्हणतील, 'हे सारे विद्वानांचे काम. आम्हाला छापील ग्रंथ पुरतात.' कायद्याच्या दृष्टीने ते खरेच आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या पहिल्या अनुसूचीत जे ग्रंथ आहेत, त्यांतील पाठानुसार केलेले औषध हेच ग्रंथोक्त औषध; आणि स्वामित्वाच्या म्हणजे पेटंट-प्रोप्रायटरी योगातील घटकही त्या ग्रंथांत उल्लेखिलेले असावे लागतात. घरच्या पोथीत एखादा योग सापडला म्हणून त्यावर परवाना मिळत नाही. परंतु अनुसूचीतील ते छापील ग्रंथ तरी कोठून आले? संपादकांनी अनेक हस्तलिखिते समोर ठेवून, पाठभेद तपासून ते छापले. आपल्या मात्रा, आपले भाग, आपल्या भावना या साऱ्यांचे मूळ कोणा तरी लेखकाच्या बोरूत आहे.

शिवाय द्रव्याची ओळख हा प्रश्न आहेच. एकच संस्कृत नाव निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पतीला लावले जाते. 'रास्ना' म्हटले की उत्तरेकडील वैद्य एक वनस्पती घेतो, तर केरळ-तमिळनाडूतील वैद्य कोळिंजनाच्या जातीचा कंद घेतो. 'शंखपुष्पी' म्हणून केरळात गोकर्ण वापरली जाते. 'ब्राह्मी' आणि 'मंडूकपर्णी' यांचा गोंधळ तर आपल्या दारातलाच आहे. तंजावरच्या पोथीतील रास्नायुक्त योग पुण्यात किंवा नाशिकात करताना तो कोणत्या प्रांतात, कोणाच्या हाताने लिहिला गेला हे न पाहता औषध तयार केले, तर नाव तेच राहील आणि औषध दुसरेच होईल. म्हणूनच संग्रहालयातील पोथीवरची नोंद ही औषधनिर्मात्याच्याही कामाची आहे.

पारंपरिक ज्ञानाच्या रक्षणाचाही मुद्दा आहे. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले आणि आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लिखित पुरावे सादर केल्यावर १९९७ साली ते रद्द झाले. त्यानंतर २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिले. घरोघरी हळद वापरली जाते, एवढे सांगून काम भागले नाही. लिहिलेले दाखवावे लागले. लिहिलेले जपले नाही, तर उद्या दाखविणार काय?

आमच्या घरची गोष्ट

येथवर दूरच्या ग्रंथालयाची गोष्ट सांगितली. आता घरची सांगणे भाग आहे.

आमचे आजोबा खेड्यात वैद्यकी करीत. त्यांच्या हातच्या दोन पोथ्या, काही देवनागरी, काही मोडी, आमच्याकडे आल्या. पदवी घेतल्यानंतर उत्साहाने आम्ही त्यांतील योग उतरवू लागलो. एका पानावर ज्वरावरील एक योग होता. हिंगूळ, बचनाग, मिरी, टंकणखार, पिंपळी ही नावे स्पष्ट होती. पण पुढचा, भागांचा मजकूर कसरीने खाल्लेला होता. नावे पाहताच आम्हाला आनंदभैरव रस आठवला, आणि सारी द्रव्ये समभाग असणार असे आम्ही गृहीत धरले. खल काढण्यापूर्वी एका वृद्ध गुरुजनांना ते पान दाखविले. त्यांनी एवढेच सांगितले : 'पान कापले गेले, तेथे योगही कापला गेला असे समजावे. तुमचे अनुमान आजोबांच्या नावावर खपवू नका.' आम्ही थांबलो. पुढे कित्येक महिन्यांनी त्याच पोथीत मागच्या बाजूस तोच योग पुन्हा लिहिलेला आढळला. तेथे शुद्ध बचनाग अर्धा भाग होता. आमच्या अनुमानाने केलेल्या गोळीत बचनाग दुप्पट झाला असता.

दुसऱ्या पोथीबद्दल लिहिताना संकोच वाटतो. २०११ साली जुने घर पाडून नवे बांधताना सामान हलविले. लाल फडक्यात बांधलेली ती पोथी एका फाटक्या पेटीत होती. 'नंतर पाहू' म्हणून ती पेटी आम्ही रद्दीच्या ढिगाशेजारी ठेविली, आणि ढिगाबरोबर ती गेली. त्यात काय होते ते आम्हाला सांगता येत नाही, कारण आम्ही ती कधी उघडलीच नव्हती. दोष दुसऱ्या कोणाचा नाही. तंजावरच्या दालनात उभे असताना आम्हाला त्या पेटीची आठवण झाली. राज्य गमावलेल्या राजाने चाळीस हजार पोथ्या राखल्या; घर बांधणाऱ्या वैद्याला दोन राखता आल्या नाहीत.

पोथी कशी राखावी

जपणुकीच्या बाबतीत आपण वैद्य खरे तर इतरांपेक्षा पुढे असावयास हवे, कारण जुनी साधने आपल्याच औषधी कोठारातील आहेत. सरस्वती महालात तालपत्रांना गवती चहाच्या जातीच्या गवताचे तेल लावले जाते, त्यामुळे पाने लवचीक राहतात आणि कीड दूर राहते. कपाटात वेखंड, कलौंजी, लवंग, मिरी, दालचिनी यांची भरड पूड कापरासह पुरचुंडीत बांधून ठेवण्याची तेथील रीत प्रसिद्ध आहे. यांतील एकही द्रव्य आपल्याला बाहेरून आणावे लागत नाही.

कागदी पोथीत पिवळे पट्टे दिसले तर तो डाग नव्हे. लेखकाची चूक झाली की त्यावर हरताळ लावून अक्षर झाकीत; 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. हरताळ म्हणजे सोमलाचाच भाऊ, हे वैद्यांना सांगावयास नको. म्हणून अशी पोथी हाताळताना बोटाला थुंकी लावून पान उलटू नये, आणि नंतर हात धुवावेत.

घरच्या घरी पुढील गोष्टी कराव्यात :

१. पोथी उघडण्यापूर्वी पाने ज्या क्रमाने आहेत, त्याच क्रमाने त्यांची छायाचित्रे घ्यावीत. सुटे पान 'योग्य' जागी लावण्याची घाई करू नये.

२. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकचे आवरण उष्णतेने चिकटवू नये. थेट उन्हात वाळवू नये. सावलीत, हवेशीर जागी ठेवावे. पाण्याचा हात लावू नये.

३. दोन्ही बाजूंस लाकडी फळ्या घालून स्वच्छ सुती कापडात बांधावे. कीडनाशक पुरचुंडी कापडाबाहेर ठेवावी, पानांत पूड टाकू नये.

४. शेवटचे पान अवश्य वाचावे. लेखकाचे नाव, गाव व लेखनाचा काल तेथे असतो. शकाच्या आकड्यात ७८ मिळविले की स्थूलमानाने इसवी सन मिळतो.

५. मोडी मजकूर जाणकाराकडून वाचवून घ्यावा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही आणि मापे संक्षेपाने लिहिलेली असतात. तोळ्याच्या ठिकाणी मासा किंवा मासाच्या ठिकाणी तोळा वाचला गेला, तर मात्रेत बारापट अंतर पडते.

६. अपुरा योग अपुराच उतरवावा. रिकामी जागा रिकामी ठेवून तेथे 'पाठ खंडित' असे लिहावे.

ज्यांना पोथी घरी राखणे शक्य नाही, त्यांनी ती विकू नये किंवा विसर्जित करू नये. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, आनंदाश्रम, भारत इतिहास संशोधक मंडळ; वाईस प्राज्ञपाठशाळा; धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ, अशा संस्था पिढ्यान्पिढ्या हे काम करीत आल्या आहेत. २००३ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू केले होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ज्ञानभारतम् अभियान जाहीर झाले असून एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन हे त्याचे उद्दिष्ट आहे. मूळ पोथी देण्यास मन होत नसेल, तर निदान छायाचित्रांची प्रत व सूची द्यावी. हेही ध्यानात ठेवावे की पंचाहत्तर वर्षांहून जुने, शास्त्रीय किंवा ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाही.

उपसंहार

आयुर्वेद ही जिवंत परंपरा आहे असे आपण व्यासपीठावरून सांगतो. जिवंत परंपरेलाही देह लागतो, आणि आपल्या परंपरेचा देह तालपत्राचा व हातकागदाचा आहे. त्याला कसर लागते, ओल लागते, आणि सर्वांत अधिक लागते ती आपली उदासीनता. भेलसंहिता वाचली, कारण नायकांनी, भोसल्यांनी आणि कितीएक अनाम लेखनिकांनी तिच्यावरची धूळ वेळोवेळी झटकली. त्यांतील बहुतेकांनी ती वाचलीही नसेल.

या चातुर्मासात प्रत्येक वैद्यबंधूने व भगिनीने आपल्या घरातील, आजोळातील अथवा गावातील जुन्या वैद्यांच्या वाड्यातील एक तरी दप्तर सोडून पाहावे, त्याची पाने मोजावीत आणि चार ओळींची सूची करावी, अशी आमची नम्र विनंती आहे. आमच्याकडे उरलेल्या एका पोथीची सूची आम्ही केली आहे. पाने बहात्तर, त्यांपैकी खंडित एकोणीस. गेलेल्या पोथीच्या नावापुढे मात्र रिकामी जागा ठेविली आहे. ती भरून काढण्याचा मोह आम्ही आता करणार नाही.